जिवंत माणसाच्या द्वारदर्शनाबाबत

सगळ्यात आधी हे लिहा, की मला सकाळी बोलावून दुपारपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवले, आणि ज्याला विचारायला पाहिजे तो माझा नातू आत पंख्याखाली बसून चहा पीत होता. लिहिले का? मग रामराम. आता नाव विचारा.

नाव कमलबाई रुपचंद महाजन. वय आधार कार्डावर चौऱ्याहत्तर, तेही कार्ड करणाऱ्याने माझ्या तोंडाकडे बघून टाकलेले. शिक्षण दुसरी, अर्धी. धंदा ज्वारीचे बिबडे आणि नागलीचे पापड करून विकणे. राहणार मेहरूण, तलावाकडे जाणाऱ्या गल्लीत, मुलगा पितांबर याच्या घरी, जळगाव.

विचारल्यावरून समोर बसून सांगते की, वरील घरात मी, पितांबर, पितांबरचा मुलगा कुंदन व कुंदनची बायको मेघा असे चौघे राहतो. सून वारली. मेघाचे माहेर धरणगाव. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही.

हा जबाब कशासाठी घेता ते मला माहीत आहे. कुंदनची फिर्याद अशी, की त्याच्या मरणाचा बॅनर शेजारच्या नवलने त्याला न विचारता लावला. तसे ठरले तर मेघाचा बाप मेघाला आमच्या घरी परत पाठवणार आहे. "जावयाची चूक नाही एवढं पोलिसांकडून कळू द्या, पोरीला बांगड्या भरून आणून सोडतो," असा त्याचा निरोप आहे. म्हणून पितांबरने मला आज ठाण्याच्या पायऱ्यांवर सांगितले, "माय, तू फक्त म्हण, मी आत झोपेल होती." मी झोपलेली नव्हते. मी ओट्यावर होते आणि मला ऐकू येते.

नवलचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आमच्या ओट्याला लागून आहे. दुकानात टीव्ही आहे. शनिवार-रविवार संध्याकाळी गल्लीतली पोरे तिथे विलायतेतला फुटबॉल बघतात. कुंदन लाल बनियनवाल्यांचा, नवल निळ्यांचा. दोघांपैकी एकानेही आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली मी पाहिली नाही. भांडण खेळाडूंवरून नसते, मॅनेजरवरून असते. मॅनेजर म्हणजे बँकेतला नव्हे. हा कोट घालून मैदानाच्या कडेला उभा राहतो, हातवारे करतो आणि मालकाच्या पैशाने दुसऱ्यांचे खेळाडू विकत घेतो. हरत राहिला की त्याला काढतात.

नवल म्हणायचा, "तुमच्या म्हाताऱ्याने बाजारातले सगळे खेळाडू उचलले. कप कुठे आहे? कपाट उघडून दाखव."

कुंदन म्हणायचा, "नुसती खरेदी नको धरू. विकले ते वजा कर, मग बोल. आधीच्याने ठेवलेला कचरा मिळाला त्याला, तो कोण धरेल?"

"कचरा पण यानेच घेतेल आहे."

"मग दुखापती धर. अर्धी टीम दवाखान्यात होती."

"तुझ्या मॅनेजरचं बठ्ठं धरायचं, फक्त निकाल नाही धरायचा."

हे असे दोन दोन तास. कुंदनने दाल मिलमधली नोकरी सोडली, पाइपच्या कारखान्यातली सोडली, शोरूममधली त्याला सोडायला लावली. तिन्ही वेळा घरात त्याने कारण दिले ते हेच, की आधीच्याने कचरा करून ठेवला होता. त्यामुळे तो त्या मॅनेजरची बाजू इतक्या जिवावर का घेतो, हे मला समजत होते.

पोळ्यानंतरच्या एका शनिवारी नवल म्हणाला, "विलायत राहू दे. आपण इथलाच व्यवहार घेऊ. धरणगावच्या क्लबने एक खेळाडू घेतला. गाडी दिली, अंगठी दिली, हॉलचं भाडं दिलं. चार सीझन झाले. गोल किती?"

पोरे हसली. मेघा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कुंदनने मागे वळून पाहिले, म्हणजे ती तिथे आहे हे त्याला माहीत होते. मग तो म्हणाला, "खेळाडू एक नंबर आहे. ग्राउंड खराब भेटलं."

त्यावर पोरे आणखी हसली. मेघाने सगळ्यांना चहा दिला. नवल बिनसाखरेचा घेतो, त्याचा कप वेगळा होता, तोही बरोबर त्याच्याच हातात दिला. मी बिबडे पालथे करत होते. दुसऱ्या दिवशी मेघा धरणगावला गेली. काय सांगून गेली असे विचारल्यावरून, काही सांगून गेली नाही. भाकरी करून, झाकून गेली.

मेघा माझ्या आवडीची होती असे समजू नका. भाकरी जाड करायची, आणि बोललेले मनात ठेवायची. भांडायला मजा येत नाही अशा बाईशी.

ती गेल्यावर पोरांची पैज लागली. येत्या शनिवारी लाल हरले, तर लालवाल्याने स्वतःचा मयताचा बॅनर गल्लीच्या तोंडाशी लावून घ्यायचा. निळे हरले तर नवलने. लाल हरले. रविवारी सकाळी ओट्यावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, नवल कुंदनला म्हणाला, "फोटो दे." कुंदनने स्वतःच्या मोबाईलमधून दिला. तीन-चार फोटो बघितले, एक पसंत केला आणि म्हणाला, "हा घे, यात मी बरा दिसतो." तो त्याच्या लग्नातला होता. नवलने त्यातून मेघाला कापले. मग म्हणाला, "वहिनीचा हात राहतो रे तुझ्या खांद्यावर." कुंदन म्हणाला, "राहू दे. मयताकडे कोण बघतं निरखून." हे शब्द त्याचे आहेत. हवालदार भाऊ, हे गाळू नका.

दुपारी बॅनर लागला. त्यावर वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण श्रद्धांजली, मध्ये कुंदनचे नाव व फोटो, खाली द्वारदर्शन आज सायंकाळी. मॅनेजरची आणि हरल्याची गंमत सगळ्यात खाली बारीक अक्षरात. कोणी तरी मोबाईलवर त्याचा फोटो काढून पुढे पाठवला, त्यात ती खालची ओळ आली नाही. कोणी पाठवला ते मला माहीत नाही, पण तो धरणगावला पोचला.

आमच्याकडे मयत झाले की लोक दारावर भेटायला येतात, ते द्वारदर्शन. मयताच्या घरी फोन करून "खरं का?" असे कोणी विचारत नाही. विचारले आणि खरे निघाले तर त्या माणसाला कायमचा बोल लागतो. कळले की निघायचे. त्यामुळे धरणगावच्या लोकांनी आम्हाला फोन केला नाही. पण मेघाने कुंदनला केला. मी पाहिले. तो दुकानासमोर खुर्ची टाकून बसला होता, टीव्ही चालू होता. मोबाईल वाजला, त्याच्या काचेवर मेघाचे नाव आले, त्याने मोबाईल मांडीवर पालथा ठेवला. परत वाजला. नवल म्हणाला, "उचल ना." कुंदन म्हणाला, "भांडेल ती. मॅच होऊ दे."

त्यानंतर धरणगावला काय झाले ते मी बघितलेले नाही. मेघाची आत्या धुरपदाबाई हिने स्वतः मला सांगितले ते सांगते. फोन उचलत नाही म्हणजे माणूस नाही, असे त्यांनी धरले. धुरपदाबाईने मेघाचे कुंकू पुसले, मंगळसूत्र काढले आणि बांगड्या उंबऱ्याच्या दगडावर फोडल्या. इथल्या बाई शिपाई म्हणाल्या, की हे करायला आता गावोगाव बंदीचे ठराव झाले आहेत. झाले असतील. धुरपदाबाई ठरावाच्या सभेला जात नाही, मयताला जाते.

त्याच संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांची जीप गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. रिवाजाप्रमाणे बायका तिथूनच रडत आल्या. धुरपदाबाई पुढे होती. "मन्हा कष्टाळू राजा रे, मन्हा गरीब गाय रे," असा हेल तिने काढला होता. मी ऐकत होते आणि कोणाबद्दल चालले आहे ते मला समजेना. दुकानापाशी आली आणि तिचे तोंड उघडे राहिले. तिचा राजा खुर्चीवर बसून शेवमुरमुरे खात होता आणि नवलला सांगत होता, "विकले ते वजा कर ना."

कोणी तरी हसले. मग सगळी पोरे हसली. नवलने मोबाईल काढून शूटिंग सुरू केले. कुंदन पण हसला. उठला नाही.

मेघा सगळ्यात शेवटी आली. कपाळ पुसलेले, दोन्ही हात मोकळे. डाव्या मनगटाला काच लागलेली होती, रक्त वाळले होते. ती रडत नव्हती. वाटेत पण रडली नाही, असे धुरपदाबाई म्हणाली, आणि ते तिला आवडलेले दिसले नाही.

मेघाने विचारले, "फोटो कोणी दिधा?"

कुंदन म्हणाला, "मीच दिला. पैज होती, मेघा. जित्ता शे ना मी? खूश हो."

आणि नवल शूटिंग करता करता म्हणाला, "वहिनी, तुमचा खेळाडू फुकटात परत आला. नवीन खर्च नाही."

त्यावर मेघाचा भाऊ झुलाल याने जीपमधली चाक खोलायची लोखंडी टामी आणून नवलच्या तोंडावर मारली. एकदाच मारली. नवलचा जबडा मोडला, तो दवाखान्यात आहे, त्याला नळीने पाजतात. तो आता मॅनेजरबद्दल बोलत नाही. झुलालने मारले हे खरे आहे, मी लपवत नाही. त्याने चुकीच्या माणसाला मारले, हेही लिहा.

मारामारी चालू असताना कुंदन मेघाकडे आला. तिच्या हाताकडे त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. म्हणाला, "चाल, आत चाल. बाजारातून नव्या बांगड्या आणू."

मेघा म्हणाली, "फुटन्या त्या फुटन्या. आते मी भरनार नही." ती जीपमध्ये जाऊन बसली आणि दार तिने स्वतः लावले. माझ्याकडे बघितले का, असे विचारल्यावरून, नाही बघितले.

त्या रात्री कुंदन जेवला. पोटभर जेवला. जेवताना पितांबरला म्हणाला, "सगळं नवलवर टाकू. तो बोलू शकत नाही." दुसऱ्या दिवशी त्याने फिर्याद दिली. पितांबर मला म्हणतो, घरातली गोष्ट घरात ठेव, म्हातारपणी तुला कोण बघेल. मला कोण बघेल ते मी बघेन. ज्याच्या ताटात मी तीन भाकरी वाढल्या, त्याला मेलेला म्हणून मी कोणाला रडायला लावलेले नाही, आणि जिच्या बांगड्या फुटल्या तिला त्याच ओट्यावर परत चहा द्यायला लावणार नाही. तुम्ही तिच्या बापाला कळवा, की फोटो जावयाने स्वतः पसंत करून दिला आणि बायकोचा फोन ऐकून पालथा ठेवला. मग त्याला पोरगी पाठवायची तर पाठवू दे. माहीत असून पाठवावी लागेल.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. दोन ठिकाणी हवालदाराने माझे बोलणे सभ्य केले होते, ते होते तसे परत करून घेतले. आता माझेच आहे आणि खरे आहे. अंगठा देणार नाही, सही येते.

सही करण्याआधी शेवटचे. मेघाला इथे बोलावायचे नाही, तिला जे सांगायचे ते तिने सांगून झाले. नवलला बोलता येईल तेव्हा तो आपली बाजू सांगेल. पितांबर बापाच्या नात्याने मध्ये पडेल, त्याला पडू देऊ नका. कुंदनला बोलवा, उभा करा, आणि उत्तर त्यालाच द्यायला लावा.