आबांचा नायटा

आमच्या आबांचं ऐका. चुलते माझे. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असंल. फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर होऊन गावी कुंडलला आले आणि उसाला पाणी पाजताना ओल्या चड्डीवर राहून मांडीला नायटा उठला. डॉक्टरांनी मलम दिलं, वर बजावलं, "डाग गेला तरी पुढं दोन आठवडे लावायचं. पंचा वेगळा ठेवायचा."

चौथ्या दिवशी खाज थांबली, तशी आबांनी अर्धी ट्यूब काळ्या ट्रंकेत कुलूपबंद केली. "इमर्जन्सीला असू दे, गड्या!"

महिन्यात नायटा दुप्पट झाला. दोघांत पंचा एकच, म्हणून काकूंच्या पाठीवरही उठला.

डॉक्टर चिडले, "सुभेदार, शत्रू दिसंना म्हणून ठाणं सोडता व्हय?"

आबांना ते लागलं. तवापासून सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून आधी काकूंच्या पाठीला मलम, मग स्वतःला.

डाग गेले, वरचे दोन आठवडेही झाले. डॉक्टर म्हणाले, "काकू, आता मलम बंद."

काकू हळूच म्हणाल्या, "आवं, ह्यास्नी एवढ्यात सांगू नका. पंचवीस वर्षांनी माणूस घरच्या ड्युटीवर आलाय."