अप्पांची खुर्ची

(तंजावूरमधलं स्कूटरचं शोरूम. दुपारचे तीन.)

शांभवी : परत आलात, अप्पा? राजवाड्यापासून दोन बस बदलून, ह्या उन्हात!

अप्पा : आधी तू खाली बस बघू. गिऱ्हाईक बसलं तरच तुम्ही बसायचं, हाच ना इथला नियम?

शांभवी : होय. एरवी नऊ तास उभंच.

अप्पा : मग झालं तर. मी गिऱ्हाईक. पायाची सूज उतरली?

शांभवी : अय्यो, पायांकडे नका बघू, स्कूटरकडे बघा. मॅनेजर फिरतोय.

अप्पा : फिरू दे. मराठी कुठे कळतंय त्याला? हे घे, आईनं तळलेले मुरुक्कू दिलेत.

शांभवी : माहितीपत्रकाखाली सरकवा. आलाच तो... मायलेज पन्नास, सर! डिक्कीसुद्धा मोठी, सर! ...गेला. अप्पा, त्याच्या लक्षात आलंय.

अप्पा : मी तुझा बाप आहे ते?

शांभवी : छे! तुम्ही अकरा दिवस रोज येताय ते. त्याच्या गिऱ्हाइकांच्या यादीत तुमचं नाव सगळ्यांत वर आहे. आज बुकिंग झालं नाही तर मला पापनाशमच्या गोदामात धाडणार म्हणाला.

अप्पा : मग घेऊ या की स्कूटर.

शांभवी : तुम्हाला सायकलसुद्धा येत नाही!

अप्पा : अंगणात लावू. बसायला बरी.

शांभवी : थट्टा पुरे हो. परवा माझ्याबरोबरची रम्या इथंच चक्कर येऊन पडली. मॅनेजर म्हणाला, हिला आत न्या, गिऱ्हाईक बघतंय. तिला नाहीत अप्पा, रोज येऊन बसायला. ती समोर उभी असताना मला इथं बसवत नाही.

अप्पा : बोलाव तिला. तिच्याकडेही चौकशी करतो. मग पलीकडे उभ्या असलेल्या त्या हरिप्रसादकडे.

शांभवी : किती दिवस पुरणार तुम्ही, अप्पा? दुकानातल्या माणसाला बसायला जागा द्यायची, असा कायदा आहे आपल्याकडे. आम्ही चौघांनी अर्ज लिहिलाय. पहिली सही माझी. आत्ता मॅनेजरच्या केबिनमध्ये नेऊन देते.

अप्पा : आणि नोकरी गेली तर?

शांभवी : जाईलही. रागवाल?

अप्पा : मोठ्यांसमोर बसायचं नाही, हे मीच शिकवलं तुला. फार चांगलं वळण लावलं, असं वाटायचं. तुझे पाय बघितले तेव्हा कळलं. चुकलं माझं, बाळ.

शांभवी : असं नका बोलू, रडू येतं मला. जाऊ मी?

अप्पा : एक मुरुक्कू खा आधी. उपाशीपोटी भांडू नये.

शांभवी : खाल्ला. आता तुम्ही घरी जा, वेळ लागेल मला.

अप्पा : नाही जात.

शांभवी : का?

अप्पा : तू बाहेर येशील तेव्हा दमलेली असशील. मी इथं बसलेलो असलो, तर तुला बसता येईल.