तीनशेतलं एकशे एक्केचाळिसावं

(पुणे, सहकारनगर. मुक्ताई आणि दत्तप्रसाद या निवृत्त जोडप्याचं घर. भंडाऱ्याहून नोकरीसाठी आलेली दीपमाला त्यांच्याकडे राहते.)

मुक्ताई : ...साल दोन हजार सात.

दत्तप्रसाद : आठ.

मुक्ताई : सात. भावोजींचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच महिन्यात मी आनंदला फोनवर म्हटलं, घेऊन टाक.

दत्तप्रसाद : पैसे सातमध्ये गेले. वस्तू आठमध्ये आली. मी वस्तूचं साल धरतो.

दीपमाला : काकू, मी एवढंच विचारलं, की शुक्रवारी माझं टर्नटेबल येणार आहे, मी हिंजवडीला असणार, तर कुरिअर घ्याल का. तुम्ही दोघं हसायलाच लागले.

मुक्ताई : घेईन गं. आधी सांग, तू ते ऐकलंस का?

दीपमाला : ऐकणार कुठं? दुकानात येतच नाही नं ते. लिमिटेड एडिशन आहे. रिव्ह्यू भारी आहेत.

दत्तप्रसाद : मग झालं. रिव्ह्यू ऐकत बसायचे.

मुक्ताई : तिला काय बोलता? आपण कोणते शहाणे? दीपा, तो सेट-टॉप बॉक्स ज्याच्यावर ठेवलाय ना, रुमालाखाली, ते काय आहे सांग.

दीपमाला : स्टॅबिलायझर?

मुक्ताई : टर्नटेबल. जगात तीनशेच केली होती. आमचं एकशे एक्केचाळिसावं. मागे पितळी पट्टीवर नंबर कोरलाय. आनंद तेव्हा कंपनीच्या कामाला अमेरिकेत होता. त्यानं इंटरनेटवर पाहिलं आणि फोन केला, आई, नऊच उरलीत, उद्यापर्यंत राहणार नाहीत. आणि मी, जी मार्केट यार्डात सहा गाड्यांवर कलिंगडं वाजवून सातव्या गाडीवरून घेते, ती म्हणाले, घे. माठ घेताना वाजवते, नारळ कानाशी हलवते. आणि ज्या वस्तूचा धंदाच वाजण्याचा, ती न वाजवता घेतली.

दीपमाला : काका काहीच बोलले नाहीत?

दत्तप्रसाद : मी चौकशी केली. आनंद म्हणाला, लिमिटेड आहे. मला वाटलं कंपनी लिमिटेड आहे. म्हटलं, रजिस्टर्ड असेल तर पळून जाणार नाहीत.

मुक्ताई : तेवढ्या पैशांत नवी स्कूटर आली असती आणि वर पेट्रोल. तुला वाटेल म्हातारीला हौस. हौस नव्हती. मला ताईला ऐकवायचं होतं.

दीपमाला : काय ऐकवायचं होतं?

मुक्ताई : ताईलाच तिचा आवाज. माझी थोरली बहीण, सुंदरा. सोळा वर्षांची असताना तिची एक रेकॉर्ड निघाली होती. एकावन्न साली. एका लहानशा कंपनीचा माणूस पुण्यात मुली ऐकत हिंडत होता, त्यानं लक्ष्मी रोडवर एका माडीवर खोलीला गोधड्या लावून तिची गौळण घेतली. मी आठ वर्षांची, जिन्यात बसले होते. पंधरवड्यात तिचं लग्न झालं, वाईला गेली, आणि रेकॉर्ड आली त्यानंतर. सासऱ्यांनी बाबांना निरोप पाठवला, की आमच्या सुनेचा आवाज हॉटेलात वाजता कामा नये. बाबांनी दुकानांतून होत्या तेवढ्या रेकॉर्डी विकत आणल्या आणि परसात फोडल्या. एक आईनं पातळाच्या घडीत लपवली.

दत्तप्रसाद : लिमिटेड एडिशन म्हणशील तर ती. एक नग.

दीपमाला : म्हणजे ताईंनी स्वतःची रेकॉर्ड कधी ऐकलीच नाही?

मुक्ताई : कधीच नाही. माहेरी आली तरी ऐकायची नाही. आम्ही विषय काढला, की उठून आत जायची. कांदा चिरताना गुणगुणतात ना बायका, तसंसुद्धा कधी ऐकलं नाही मी. मग भावोजी गेले, आणि पहिल्यांदा तीच म्हणाली, मुक्ते, ती आहे का गं अजून? मी म्हटलं, आहे. डाव्या कानानं तिला काही ऐकू येत नव्हतं, उजव्याला डॉक्टरांनी वर्ष-दोन वर्षं दिली होती. आता कळलं मी का म्हणाले घे?

दीपमाला : पण तुमच्याकडे जुना काहीच नव्हता? माझ्या आजोबाकडे होता, पेटीसारखा.

दत्तप्रसाद : होता. सुटकेससारखा. झाकण उघडलं की वाजायचा. त्र्याण्णव साली म्युझिक सिस्टिम आली, सीडी आली, तेव्हा हिनं तो भंगारवाल्याला दिला. रद्दीबरोबर, किलोवर.

मुक्ताई : दिला. देश पुढे चालला होता, म्हटलं आपणही चालावं.

दीपमाला : मंग हे आलं...

मुक्ताई : आलं. एवढं मोठं खोकं. यांनी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून उघडलं. वाईला फोन करून ताईला सांगितलं, रविवारी ये. बटण दाबलं. तबकडी अशी फिरली, तुला सांगते, लोण्यासारखी. सुई ठेवली. आवाज नाही. कान खाली नेला, तर सुईतून डास गुणगुणल्यासारखं काहीतरी. आम्ही दोघं आळीपाळीनं वाकून ऐकत होतो.

दत्तप्रसाद : आनंदला फोन केला. तो म्हणाला, बाबा, ते फक्त फिरतं. आवाजाचं वेगळं घ्यायचं असतं. आमच्या खात्यात असे पुष्कळ होते, नुसते फिरणारे. पण त्यांच्यावर नंबर कोरलेला नव्हता.

दीपमाला : अॅम्प्लिफायर आणि स्पीकर. ते तर लागतंच नं काकू.

मुक्ताई : तुला माहीत आहे, तू शहाणी. ताईला फोन केला, या रविवारी नको. अॅम्प्लिफायर घेतला, स्पीकर घेतले. तेही न ऐकताच, कारण आता ऐकून घ्यायला लाज वाटत होती. सगळं जोडायला मकसूदभाईंना बोलावलं. नाना पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आमच्या सुटकेसला दर दोन वर्षांनी नवी सुई तेच घालायचे. ताई सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरली, हे रिक्षानं घेऊन आले. ती नवी साडी नेसून आली होती. त्या खुर्चीवर बसली, उजवा कान स्पीकरकडे करून. मी पातळाच्या घडीतून रेकॉर्ड काढली. मकसूदभाईंनी ती हातात घेतली, एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितलं. वहिनी, ही अठ्ठ्याहत्तर स्पीडची आहे. त्या मशीनला दोनच स्पीड आहेत. तेहतीस आणि पंचेचाळीस.

दीपमाला : बाप्पा. विचारलं नव्हतं तुम्ही?

मुक्ताई : कुकर घेताना याला शिटी आहे का, असं विचारतेस का तू? आमच्या सुटकेसला चार वेग होते. एवढं महागडं म्हणजे सहा तरी असतील असं मी धरून चालले.

दत्तप्रसाद : मकसूदभाई म्हणाले, माझ्या दुकानात एक जुना पडलाय, सुई बसवून परवा आणतो.

मुक्ताई : हो, तेही सांगा. आणि मी नाही म्हणाले. परवापर्यंत ताई थांबणार नव्हती, हे एक. पण खरं कारण ते नव्हे. एवढा घाट घालून शेवटी भंगारातलाच आणायचा, हे मला सोसेना. मी म्हटलं, याच्यावरच लावा, पंचेचाळीसवर. थोडं सावकाश वाजेल, त्यात काय. म्हाताऱ्या माणसांना सावकाशच बरं.

दीपमाला : काकू, आवाज खाली जातो नं पण. पार खाली.

मुक्ताई : ते मला तेव्हा कळलं. सोळा वर्षांची पोर, काचेसारखा आवाज तिचा, आणि स्पीकरमधून एखादा धिप्पाड माणूस विहिरीत उभा राहून गातोय. खरखर तर विचारू नकोस. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ताई डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, बुवा कोण गं हे?

दत्तप्रसाद : मीच म्हटलं, सांगलीकडचे आहेत.

दीपमाला : काका.

दत्तप्रसाद : काय करायचं? सुचलं ते बोललो. सत्तावन्न वर्षांनी बाई स्वतःला ऐकायला आली होती. तिला कसं सांगायचं, की हे तुम्हीच?

मुक्ताई : ताई म्हणाली, बरे आहेत बुवा. पण गौळण आहे ही, काठी टेकत कशाला म्हणताहेत? आणि मांडीवर हात टेकून ठेका धरला. हा असा नाही, हा असा. तेवढंच दाखवायचं होतं तिला, ठेका. पण ठेक्याच्या पाठोपाठ शब्द आले. दीपा, ती गायला लागली. आवाज फाटका, वर जायचा नाही, जिथं जायचा नाही तिथं ती थांबायची आणि पुढून धरायची. मकसूदभाईंनी सुईचा हात उचलून बाजूला ठेवला. तिला कळलंही नाही. दोन कडवी झाली. मला वाटलं, संपलं. रेकॉर्डवर दोनच आहेत. तिनं तिसरं घेतलं.

दीपमाला : तिसरं कुठून आलं?

मुक्ताई : मूळचंच होतं. तीन मिनिटांत बसेना म्हणून त्या माणसानं तेव्हा काढायला लावलं होतं. मी विसरून गेले होते. तिनं कुठं ठेवलं होतं इतकी वर्षं, कोण जाणे.

दत्तप्रसाद : त्या दिवशी यंत्र एकूण दीड मिनिट वाजलं. तेवढ्यासाठी घेतलं म्हणायला हरकत नाही.

मुक्ताई : गाऊन झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, चहा टाक, साडेचारची गाडी आहे. मी विचारलंसुद्धा नाही, ताई, ओळखलंस का म्हणून. माझी हिंमत झाली नाही.

दीपमाला : मंग त्यांना कधी सांगितलंच नाही?

मुक्ताई : सांगते ना. मकसूदभाईंनी पुढे दुकान बंद केलं, आता कोंढव्याला मुलीकडे असतात. ईदला फोन येतो, आणि अजून विचारतात, वहिनी, तो जुना आणू का? यांच्या कानात आता यंत्र आहे, ते मात्र तीन दुकानांत लावून, ऐकून घेतलं. आनंद तिकडेच राहिला. त्यानं पुन्हा काही पाठवलं नाही. पण नऊ साली दिवाळीला आला होता, तेव्हा त्यानं ती रेकॉर्ड याच यंत्रावर लावली, कॉम्प्युटरला तार जोडली आणि तिथं तिचा वेग बरोबर केला. किती वेळ लागला विचार.

दत्तप्रसाद : दहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

मुक्ताई : दहा मिनिटं. मी त्याला म्हटलं, दीड वर्षापूर्वी का नाही सांगितलंस? तर म्हणाला, आई, तू विचारलं नाहीस. आम्ही वाईला गेलो. ताईच्या उजव्या कानाला हेडफोन धरला. यावेळी मी आधीच सांगितलं, ताई, ही तू आहेस. त्यानंतर ती दोन वर्षं होती, अकरा साली गेली. शेवटचं वर्षभर तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

दीपमाला : पण ऐकलं त्यांनी? काय म्हणाल्या?

मुक्ताई : शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, केवढी घाई करतेय गं पोर. तिला म्हणावं, दमानं म्हण. लग्नाला अजून पंधरा दिवस आहेत.