पोळ्यावाल्या बाईंचे आभार

मला एक सांगा, भर सभेत उभं करून कोणी म्हटलं, एका मिनिटात स्वतःची ओळख करून द्या, तर तुम्ही काय सांगाल? नाव, गाव, इथवर ठीक आहे हो, पण पुढे शिक्षण, करिअर, छंद, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून वर जीवनमूल्यं… अहो, बाई हळदीकुंकवाला आलीय की इंटरव्ह्यूला? पण मराठी मंडळाच्या मुग्धाताईंपुढे बोलणार कोण! दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या शाळेचा हॉल घेतलेला, हातात माइक, गळ्यात शिट्टी, मिनिट संपलं की शिट्टी, आणि तिसऱ्या रांगेत आमची कावेरी, मोरपंखी साडी, मुठी मांडीवर घट्ट मिटलेल्या… कारण नखांत कणीक होती.

तुम्हाला सांगते, ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. कावेरी दामले, राहायला शारजात, रोल्लाला, नवरा सदानंद एका कंपनीत स्टोअरकीपर, मुलगी आभा सातवीत, आणि कावेरी स्वतः दहावी पास, सहा वर्षं घरी पोळ्या लाटणारी. बिल्डिंगखाली खैरुद्दीनभाईंची ग्रोसरी, माणूस रत्नागिरीचा, ते ऑर्डर घेणार, ही लाटणार, आणि एकटे राहणारे ऑफिसातले लोक जेवणार. त्या शुक्रवारी तिने पहाटे उठून अडीचशे लाटल्या होत्या, आणि त्या जाणार कुठे होत्या? त्याच हॉलमध्ये, त्याच बायकांच्या पानात! हे कावेरीला ठाऊक, खैरुद्दीनभाईंना ठाऊक, मंडळाला मात्र एवढंच ठाऊक की पोळ्या दुकानातून येणार. आता यात लपवण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. सदानंद काही बोलला नव्हता, उगाच त्याच्यावर ढकलू नका. पण लाज वाटली. दुसरं काय, लाज वाटली.

त्यात आधीच्या बायका कशा, तर पहिली आर्किटेक्ट, छंद ट्रेकिंग. दुबईत ट्रेकिंग, जिथे चढायला म्हणजे फक्त पूल! दुसरी बँकेत ऑफिसर, छंद बागकाम, राहायला नवव्या मजल्यावर. टाळ्या, शिट्टी, टाळ्या, शिट्टी, माइक आपला सरकतोय जवळ जवळ… आणि कावेरी उभी राहिली आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते असं: "मी कावेरी दामले. बी.ए., इंग्लिश लिटरेचर. सध्या मुलीसाठी घरी असते. छंद वॉटरकलर. आणि मूल्य… प्रामाणिकपणा."

प्रामाणिकपणा! दुसरं काही सुचलं नसतं का? स्वच्छता म्हणायचं, वक्तशीरपणा म्हणायचं… टाळ्या झाल्या. ती खाली बसली तर शेजारून आभा हळूच, "ममा, व्हॉट बी.ए.?"

"गप बस," कावेरी म्हणाली. आणि लाज वाटली, मुलीकडे बघवेना.

मग जेवणं. खैरुद्दीनभाई स्वतः डबे घेऊन आले आणि आमची कावेरी फरशीवरचे चौकोन मोजायला लागली. बायका एकेक घास घेतात आणि थांबतात. "अगं, पदर बघ कसा सुटतोय." "अशी घडीची पोळी आईच्या हातची खाल्ली होती, त्यानंतर आज." मुग्धाताई लगेच उठल्या, "भाई, कोण करतं हो ह्या?"

भाईंनी कावेरीकडे बघितलं. सहा वर्षांत या माणसाने वहिनीशिवाय हाक मारली नाही, दर ईदला शीरखुर्मा वर पाठवला, आणि कावेरीने त्यांच्याकडे कसं बघितलं? रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे बघतात तसं. वर मान हलवली, नाही म्हणून. ते समजले.

"हाय एक बाई रोल्लात," ते म्हणाले, "नाव सांगू नका म्हनते." आणि उगाचच डब्यांची झाकणं लावत बसले. लाज वाटली हो तिला…

"बिचारी शिकलेली नसेल," मुग्धाताई म्हणाल्या, "पण हात बघा! तिचे आभार मानायला हवेत. कोण बोलेल? अहो, आपल्या बी.ए. आहेत की!"

माइक परत हिच्याच हातात.

कावेरी उभी राहिली. "त्या बाई," ती म्हणाली, "दहावी शिकल्यात. त्यांना चित्रं येत नाहीत. छंद म्हणाल, तर दुपारी ओटा पुसून झाला की खिडकीत उभं राहायचं, खालून जाणारी माणसं बघायची, कोण कुठल्या गावचं असेल ते मनाशी ओळखायचं. करिअर म्हणाल, तर तवा. पहिल्या वर्षी रोज हात भाजायचा, आता भाजला तरी कळत नाही. आणि मूल्य… पोळी करपली तर ती आपल्या ताटात घ्यायची, दुसऱ्याच्या डब्यात घालायची नाही."

मिनिट केव्हाच होऊन गेलं, शिट्टी वाजली नाही. खैरुद्दीनभाई हातात झाकण घेऊन उभे, आभा खुर्चीच्या टोकाशी आलेली, आता फक्त तीन शब्द उरले होते, 'ती बाई मीच', तोंड उघडलंसुद्धा…

"…तर अशा त्या बाईंचे मंडळातर्फे मनःपूर्वक आभार."

काय टाळ्या पडल्या म्हणता! मघापर्यंत तिला पोळ्यांची लाज वाटत होती, आता पोळ्यांपुढे लाज वाटली. "किती जवळून ओळखता हो तुम्ही त्यांना," मुग्धाताई म्हणाल्या. "शेजारी राहतात," ही म्हणाली.

टॅक्सीत, शारजा आल्यावर, आभा म्हणाली, "ममा, यू कुड हॅव जस्ट सेड इट." कावेरी म्हणाली, "हो गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, आभाची स्कूल बस यायच्या आधी, मुग्धाताईंचा फोन आला, पाडव्याला दीडशे पुरणपोळ्या हव्यात, त्या बाई करतील का, जरा विचारता? कावेरी म्हणाली, "थांबा हं, विचारते," रिसीव्हर टेबलावर ठेवला, आभाकडे न बघता थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग उचलून म्हणाली, "हो म्हणाल्या."