जयवंताच्या टेंपोची वीज

...नाही, पण मला सांगा, रविवारी सकाळी भाजी भरलेला टेंपो जागचा हलत नाही आणि वर त्याच्याच पडद्यावर काय यावं, तर 'धन्यवाद, आपण गावाला उजेड दिलात'? अहो, कुणी दिला? कुणाला विचारून दिला? टेंपो कुणाचा, तर जयवंताचा.

तुम्हाला सांगतो, ही जयवंता आमची शेजारीण. कळंबच्या अलीकडे आमचं गाव. डिझेलचा खटारा विकून बाईनं विजेवरचा टेंपो घेतला, का, तर गावात स्मार्ट वीज योजना आली. शाळेच्या छपरावर सोलर, पंचायतीमागे कपाटाएवढी बॅटरी, ओढ्यापलीकडच्या रिसॉर्टात अंघोळीचं पाणी तापवायला विजेचं नवं मशीन, आणि सगळे एकाच तारेत ओवलेले. कुणाला कधी वीज द्यायची, ते कम्प्युटर ठरवणार. इंजिनिअर अनुपमसाहेब फार गोड बोलतात, "ताई, तुमची गाडी म्हणजे चाकांवरची बॅटरी. गावाला कमी पडलं तर थोडी वीज देईल, ऊन आलं की परत भरून घेईल." जयवंताला वाटलं, थोडी म्हणजे शेजारणीनं वाटीभर साखर न्यावी तशी. शनिवारी संध्याकाळी लाईन गेली, रिसॉर्ट पाहुण्यांनी भरलेलं... वाटी कसली, डबाच रिकामा केला की हो.

बरं, भाजी कुठं चाललेली? त्याच रिसॉर्टात. भेंडी, दोडकी, कोथिंबीर, दुधाचे कॅन, सगळं मागं लादलेलं आणि ऊन चढतंय. तेवढ्यात तिथल्या मॅनेजरचा, राजेशचा फोन.

"ताई, कुठं आहात? पाहुणे नाश्त्याला बसलेत, चहाला दूध नाही."

"अंघोळी झाल्या का त्यांच्या?"

"झाल्या की. पाणी अगदी कडक होतं."

"मग सांग त्यांना, टेंपो त्या पाण्यात गेला."

राजेश म्हणाला, उद्यापासून भाजी दुसरीकडून घेतो. ठेवला फोन. इकडे कोथिंबिरीनं मान टाकली, दूध नासलं. टेंपो कुणाचा, जयवंताचा, मग वीज खायची सगळ्यांनी आणि बोलणी खायची एकटीनं?

दुपारी अनुपमसाहेब आले. लॅपटॉप उघडला, मान डोलावली. "सिस्टिमची चूक नाही, ताई. मागचे दोन रविवार गाडी जागेवरच होती. त्यावरून ती शिकली, की रविवारी तुमची सुट्टी."

जयवंता म्हणाली, "एका रविवारी आमच्या मैनाचं लगीन व्हतं, दुसऱ्या रविवारी पूजा. सगळ्या गावाला ठावं हाय. तुमच्या मशीनलाच आवतान नव्हतं काय?"

"ती सरासरीवर चालते, ताई."

"मी पोटावर चालते."

एवढं बोलून तिनं चार्जिंगची जाडजूड वायर उपटली, गुंडाळली, घरात ट्रंकेत घातली, वर कुलूप. टेंपो घरच्या साध्या प्लगवर लावला. त्यातून वीज आत येते, बाहेर जात नाही. झालं, दुसऱ्याच संध्याकाळी लाईन गेली आणि पंचायतीमागच्या त्या कपाटानं एकट्यानं दम सोडला. गिरणीत तांदूळ अर्धवट दळून राहिले, पाण्याची मोटार थांबली, आणि सगळा गाव जयवंताच्या दारात. "दे गं, दे गं." दारात उभी राहून ती म्हणाली, "द्यायला मी नाय म्हणत नाय. पन आदी इचारा की रं."

मग अनुपमसाहेबांनी नाइलाजानं मोबाईलमध्ये सोय केली. ती 'हो' दाबेल तरच वीज जाईल, आणि रिसॉर्टच्या अंघोळी सगळ्यात शेवटी. तेव्हा कुठं ट्रंकेतली वायर परत टेंपोला लागली. दुसरीकडची भाजी शिळी निघाली तसा राजेशही मुकाट परत आला. आता म्हणाल, जिंकली. ऐका तर. पहिल्याच संध्याकाळी लाईन गेली, मोबाईलनं विचारलं, 'वीज देऊ का?' हिनं ठरवलं होतं, 'नाही' दाबायचं. बोट तिथं नेलंसुद्धा. तर भिंतीपलीकडे गौराबाईचं दम्याचं वाफेचं मशीन बंद पडलं, म्हातारीची धाप ऐकू यायला लागली. दाबलं 'हो'. पुढच्या खेपेला गिरणीवाली बाई रडवेली. दाबलं 'हो'. त्याच्या पुढच्या खेपेला...

परवा मी विचारलं, "काय जयवंता, सुटला ना प्रश्न?"

"सुटला की," टेंपोला मागून ढकलत ती म्हणाली. "आदी न इचारता रिकामा व्हायचा, आता इचारून व्हतो."