दहा सेकंदांत चालू

आबिड्स भागातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मकरंद आपल्या लॅपटॉपचा नंबर यायची वाट बघत होता. पुढे एक वयस्कर जोडपं होतं आणि काउंटरवर त्यांचा जुना डेस्कटॉप. दोघं मराठीत बोलू लागली, तसा त्याने मोबाइल खिशात ठेवला. हैदराबादेत मराठी भांडण ऐकू येत असताना न ऐकणं त्याला उद्धटपणाचं वाटे.

“नया नक्को लेव, नागोराव साब,” दुकानदार म्हणाला. “नई डिस्क डाले तो दस सेकंद में चालू हो जाता.”

“ऐकलंस, पार्वती? दहा सेकंदांत!”

“आणि आत्ता किती घेतो?”

“पंधरा मिनिटं खातो मेला.”

“मग राहू द्या तसाच.”

“अगं, आदर्शशी व्हिडिओवर बोलताना मध्येच अडकतो. पोराचं तोंड उघडं ते उघडंच राहतं.”

“लहानपणीही तसंच असायचं.”

“पण तुला काय त्या डब्याचं? कधी हात तरी लावतेस?”

“तुम्ही बटण दाबता, आणि तो चालू होईस्तोवर माझ्याजवळ येऊन चहा पिता. एकदा चालू झाला, की दिवसभर मला तुमची पाठच दिसते.”

दुकानदाराने स्क्रू उगाचच पुन्हा पुसला.

“क्या करना, साब?”

“डिस्क डालो. और पासवर्ड भी डालो. लेकिन मेरे को नक्को बताओ, इनको बताओ.”

“अहो, आणि मी विसरले तर?”

“तर चहाच पिऊ.”