रिकामी ट्रॉली

हॅलो?… हां सुमेधा, बोल… अगं कंपनीतच आहे, वागळे इस्टेटला… कोणी सांगितलं तुला? इथल्या साईनाथने? तो अर्धंच सांगणार.

हो, हो… तुझ्या दक्षताने आमच्या मालकांचा, जयेशशेठचा हात धरला. ऐन मुहूर्ताला, सगळ्यांसमोर… अगं ऐक ना, रडतेस काय? नोकरी गेलेली नाही. मीच लावलंय ना तिला इथे? मोठी बहीण सांगतेय तर ऐक जरा.

नवी ट्रॉली आलेली… रुळावरची. मशीनच ढकलतं तिला. आज पूजा होती. पहिल्या फेरीला माल भरत नाहीत ना, नुसता नारळ आणि हार… हां. आणि मी पलीकडच्या टोकाला, आरतीचं ताट घेऊन. ओवाळायला.

शेठचं बोट बटणावर, आणि ही धावत आली. म्हणाली, "मावशी, आधी बाजूला हो."

…अगं, ट्रॉली किती वेगाने येईल तो हिशोब तिचाच होता. "चूक माझीच," असं तीच सांगत होती सगळ्यांना. भरलेल्या ट्रॉलीचा केलेला, दोनशे किलोचा… थांब, मला तीनदा समजावलंय तिने. जोर भागिले वजन, गुणिले वेळ. शंभर न्यूटनचा जोर, तीन सेकंद. दोनशे किलो असेल तर सेकंदाला दीड मीटर… म्हणजे आपण भरभर चालतो तेवढं. पण रिकामी ट्रॉली पन्नासच किलो. जोर तोच, वेळ तोच… बघ, तुलाही कळलं. चौपट. सेकंदाला सहा मीटर.

शेठ? लालेलाल. मुहूर्त टळतोय म्हणाले. मी बाजूला झाले तसं दाबलंच बटण.

…काय होणार? सुसाट आली. टोकाचा अडसर तोडून रुळावरून उतरली. नारळ उडाला तो समोरच्या भिंतीवर फुटला. अगं, मघाशी त्याच भिंतीला पाठ लावून उभी होते मी.

…हो. आहे, धड आहे मी. रडू नकोस गं.

शेठ आधी तुटलेला अडसर बघून आले. मग म्हणाले, रिकाम्या ट्रॉलीचं पण लिहून दे, आणि तुझी सही असल्याशिवाय यापुढे कोणी बटण दाबायचं नाही. वीस वर्षं काढली मी इथे सुमे, आपली चूक अशी चारचौघांत बोलणारं माणूस नाही बघितलं. काय पोरगी आहे गं तुझी.

…नाही, जेवली नाही अजून. घरी आली की ओरडू नकोस, कळलं?

…माझं? अगं, ताट अजून हातातच आहे बघ. खाली ठेवायचं सुचलंच नाही… थांब, आली ती. आता हिलाच ओवाळते. ठेव फोन.